चावी खिशात, दिवा पेटलेला

१९९१ च्या पावसाळ्यात आमची अँबॅसिडर आठवड्यातून दोनदा तरी धक्क्यावर सुरू व्हायची. आमच्या आळीत जरासा उतार आहे. सकाळी सहाला बाबा स्टिअरिंगवर, आणि मागे मी, शेजारचे काका, शाळेत निघालेली दोन-तीन पोरं. गाडी उताराला लागली की बाबा दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचे. एक हिसका, काळ्या धुराचा लोट, आणि इंजिन सुरू. पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर काजळी. ती पोरं शाळेत मार खायची आणि त्यांच्या आया आमच्या दारात येऊन बोलायच्या.

बॅटरी जुनी असती तर कोणी काही बोललं नसतं. पण ती मे महिन्यातच नवी घेतलेली, आणि तिचे हप्ते अजून फिटायचे होते.

त्या एका गाडीवर आमचं घर चालत होतं. विचुंबे म्हणजे नवीन पनवेलच्या पलीकडे, गाढी नदीच्या अंगाला. आज इथे सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. तेव्हा भातशेती होती. लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचा पेशंट, बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या, सगळं त्या गाडीत बसायचं. गाडी चालवायचा माझा आतेभाऊ. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादूस म्हणायचो. आत्याने त्याला बाबांच्या हाताखाली पाठवला होता. राहायला-जेवायला आमच्याकडेच.

आता गाडीची जात सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

अँबॅसिडर ही मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५०च्या दशकाच्या शेवटापासून बनत होती, ती थेट २०१४ पर्यंत. सुरुवातीला सगळ्या पेट्रोलच्या. डिझेलवरची अँबॅसिडर कारखान्यातून निघाली १९८० च्या सुमारास. पण त्याच्याही आधीपासून लोकांनी आपला मार्ग काढला होता. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त, म्हणून भाड्याच्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढायचं आणि टेम्पोचं किंवा ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवायचं. माझगावला १९४९ पासून जोडल्या गेलेल्या महिंद्राच्या पेट्रोल जीपांचंही पुष्कळ ठिकाणी हेच झालं. आमच्या गाडीला आधीच्या मालकाने मॅटाडोरचं इंजिन बसवलं होतं. म्हणजे अंग अँबॅसिडरचं, काळीज मॅटाडोरचं, आणि वायरिंग दोन्हीकडून थोडं थोडं. असल्या गाडीला कंपनीचं पुस्तक नसतं. तिचं पुस्तक मिस्त्रीच्या डोक्यात असतं, आणि मिस्त्री बदलला की पुस्तक बदलतं.

त्या गाडीवर पहिल्यापासून डायनामो होता. बाबांचं सगळं शिक्षण डायनामोवर झालेलं. ते काही काळ ट्रकवर क्लीनर होते, आणि डायनामो उघडून त्याचे कार्बन बदलणं, आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासणं, हे ते डोळे मिटून करायचे. डायनामोची गोष्ट साधी असते. आत गुंडाळी फिरते, वीज तयार होते, कार्बनवाटे बाहेर येते आणि बॅटरीत जाते. पण इंजिन बंद झालं किंवा फारच हळू फिरलं की डायनामोचा जोर बॅटरीपेक्षा कमी पडतो. मग वीज उलटी फिरेल, बॅटरीतली डायनामोत जाईल. ते होऊ नये म्हणून मध्ये असायचा कटआऊट. बॉनेटखाली काळ्या झाकणाची एक डबी. आत लोहचुंबकाने ओढली जाणारी पट्टी. डायनामोला जोर आला की पट्टी टकदिशी चिकटायची, जोर गेला की सुटायची. झाकण काढलं की डोळ्यांनी दिसायची, कानाला ऐकू यायची. कधी त्या पट्टीचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटायचे, आणि रात्रभरात बॅटरी रिकामी. बाबा काय करायचे, तर झाकण काढून पट्टीला बोटाने टिचकी मारायचे. पन्नास टक्के वेळा आजार तिथेच संपायचा.

ज्यांनी खाडीकाठची शेती पाहिली आहे त्यांना मी कटआऊट एका शब्दात सांगतो: उघाडी. खारबांधाला जी उघाडी असते तिची फळी पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की मिटते. फळी नीट मिटली नाही की खारं पाणी आत, आणि वर्षाचं भात गेलं.

पण डायनामोत एक मोठी खोट होती. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीच्या मोटारींवरचा नेहमीचा डायनामो फार तर बावीस अँपियर द्यायचा, आणि तेही इंजिन चांगलं पळत असताना. पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर गर्दीत गाडी हळू फडफडत उभी असली की डायनामो काहीच देत नसे. दिवे, हॉर्न, वायपर सगळं बॅटरीच्या अंगावर. त्यात डिझेल इंजिन. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटतं. पण एवढी हवा दाबायची म्हणजे सेल्फला जोर फार लागतो, आणि सकाळी थंड इंजिनाला हिटर प्लगही तापवावे लागतात. म्हणजे डिझेल गाडी बॅटरीकडून मागते जास्त, आणि डायनामो परत भरतो कमी.

म्हणून १९९० च्या दिवाळीनंतर बाबांनी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून एक आल्टरनेटर आणला आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला. पट्टी वाकवून, भोकं पाडून, पण बसवला.

आल्टरनेटर ही काही तेव्हा नवलाई नव्हती. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्येच आपल्या व्हॅलियंट गाडीवर तो द्यायला सुरुवात केली होती. तो शक्य झाला सिलिकॉनच्या डायोडमुळे. यात मधला चुंबक फिरतो आणि गुंडाळी जागेवर राहते. वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी. तिला एका दिशेने लावायचं काम सहा डायोड करतात. ते एका ॲल्युमिनियमच्या प्लेटीवर बसवलेले असतात, एकेक डायोड साधारण पावलीएवढा. शिवाय तीन बारके डायोड असतात, ते फिरत्या चुंबकाच्या गुंडाळीला वीज देतात. इंजिन हळू फिरत असलं तरी आल्टरनेटर थोडंफार चार्जिंग करतो. पहिल्या महिन्यात बाबा इतके खूश होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवायचे. "बघ, कटआऊटची कटकटच नाय. यान कटआऊटच नसतो."

हे वाक्य आम्हाला अडीच वर्षं आणि दोन बॅटऱ्यांना पडलं.

जूनमध्ये बॅटरी बसायला लागली. बाबांनी हायड्रोमीटर आणून ग्रॅव्हिटी बघितली. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १२६० च्या वर हवी, तर सकाळी अकराशे नि काहीतरी. दिवसभर गाडी फिरवली की थोडी वर, रात्र गेली की पुन्हा खाली. बाबांनी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुतली, ग्रीस लावलं, पट्टा ताणला. मग जुनी परीक्षा केली: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी बंद पडली तर डायनामो मेला. पेट्रोलच्या गाडीला आणि डायनामोला ही परीक्षा चालून जायची. डिझेलला ती निव्वळ फसवी, कारण इंजिनाला विजेची गरजच नाही, ते चालतच राहणार. आणि आल्टरनेटरला तर ती घातक. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड मारतं. बाबांनी ही परीक्षा किती वेळा केली असेल देव जाणे. आज मला वाटतं, आजार तिथेच झाला असावा. निदान वाढला तरी तिथेच.

जुलैमधली ती रात्र मला नीट आठवते. शेजारच्या घरातली सून अडली होती, साडेदहाला निरोप आला. दादूसने गाडी काढली, सोबत मी. पाऊस असा की समोरचं बोट दिसू नये. गावाबाहेर पडेपर्यंत हेडलाइट पिवळे झाले, मग तांबूस, मग वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला. पेट्रोलची गाडी असती तर ठिणगी जाऊन तिथेच उभी राहिली असती. आमचं इंजिन मात्र निर्विकारपणे धडधडत होतं. मी खिडकीतून अर्धा बाहेर, हातात तीन सेलची बॅटरी, आणि "डावीकडं, डावीकडं" असा ओरडतोय. दादूसने तशीच गाडी पनवेलला नेली. पोरगा सुखरूप झाला. आता तो पोरगा नवी मुंबईत नोकरी करतो, मला भेटला की हसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मेलेली. दादूस बाबांना म्हणाला, "मामा, मी रातची आल्याव चावी कारून खिशान घातली. तरी त्यो लाल दिवा मंद पेटलेला होता. आजपन हाय, बघा तुमी."

लाल दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा. चावी फिरवली की पेटायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. चावी काढल्यावर तो पेटूच शकत नाही, हे बाबांना दोन अधिक दोन इतकं पक्कं होतं. त्यांनी बघितलंही नाही.

"चावीबगर कंदी दिवा पेटलाय काय? रातची दोस्तांना घेऊन टेप वाजवतस, नि मना शिकवतस?"

गाडीत टेप होता हे खरं. दादूसला गाण्यांचा नाद होता हेही खरं. अंगणातली दहा माणसं ऐकत होती. दादूस काही बोलला नाही. चावी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने घरी गेला. पुढे तळोज्याच्या एमआयडीसीत कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. आत्या त्या वर्षी गौरीला माहेरी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आमच्यात गौरीला बहीण येत नाही म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

गंमत अशी की दादूस गेल्यावरही बॅटरी बसतच राहिली. आता टेप वाजवायला कोणी नव्हतं. मला हे तेव्हाही कळत होतं. पण चौदा वर्षांच्या पोराने बापाला ते सांगायची रीत नव्हती. बाबांनी दुसरी बॅटरी घेतली. रात्री टर्मिनल सोडून ठेवायला लागले, तर बॅटरी टिकायची! त्यावरूनही त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की वायरिंगमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. हेडलाइटची वायर बदलली, हॉर्नची बदलली, टेप काढून टाकला. पेटणाऱ्या लाल दिव्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली, कारण गाडी चालतानाही तो आता मिणमिणत राहायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं.

१९९३ च्या दिवाळीच्या आधी बाबा पनवेलच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले. मोटारीच्या विजेचं काम करणाऱ्याला आमच्याकडे वायरमनच म्हणतात. याला सगळे चाचा म्हणायचे. त्याच्याकडे मीटर होता, पण तो त्याने शेवटी काढला. आधी त्याने बाबांना इंजिन बंद करून चावी हातात द्यायला सांगितली. मग हात धुवायचा रुमाल खांद्यावर टाकला आणि तळवा आल्टरनेटरवर ठेवला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. गाडी तासाभरापूर्वी उभी केलेली, इंजिन कोमट झालेलं. आल्टरनेटर मात्र त्याहून गरम. मग त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर पुलीच्या नाकाजवळ नेला. तो चिकटला. चावी चाचाच्या खिशात, इंजिन बंद, आणि आतला चुंबक जागा.

"यह सो नहीं रहा है," तो म्हणाला.

मग टेस्ट लॅम्प. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये बारा व्होल्टचा बल्ब जोडला. गाडीत सगळं बंद असेल तर तो पेटायला नको. तो पेटला. चाचाने आल्टरनेटरची जाड वायर सोडली. बल्ब विझला. जोडली, पेटला. एवढ्यात सगळं संपलं. वायरिंग, टेप, हॉर्न यांचा काही संबंध नव्हता. डॅशबोर्डवरची चिकटपट्टी त्याने नखाने उचकटली आणि बाबांना आत डोकावायला सांगितलं. लाल दिवा मंद पेटलेला होता.

बाबा बराच वेळ सीटवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिले.

चाचाने आल्टरनेटर उघडला आणि डायोडची प्लेट काढून एकेक डायोड बल्ब लावून तपासला. चांगल्या डायोडमधून वीज एकाच बाजूने जाते. वायरी उलट्या लावल्या की बल्ब विझतो. एक डायोड दोन्ही बाजूंनी पेटला. म्हणजे उघाडीची एक फळी मोडून पडली होती. बॅटरीतली वीज तिथून उलटी गुंडाळीत शिरायची, बारक्या डायोडांतून चुंबकाच्या गुंडाळीकडे जायची आणि रात्रभर तिला तापवत बसायची. दोन-तीन अँपियर. ऐकायला काहीच नाही, पण दहा तासांत पंचवीस-तीस अँपियर-तास, म्हणजे आमच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. त्याच वाटेने थोडी वीज लाल दिव्यातूनही निघून जायची, म्हणून तो चावीशिवाय पेटायचा. आणि गाडी चालत असताना हाच मोडका डायोड निम्मं उत्पादन खायचा. म्हणून त्या पावसात हेडलाइट पिवळे झाले होते.

आल्टरनेटरला कटआऊट नसतो हे बाबांचं म्हणणं चुकीचं होतं. डायोड हाच त्याचा कटआऊट. फक्त त्याला झाकण नाही, टकटक आवाज नाही, टिचकी मारायला पट्टी नाही. डायनामोवर शिकलेल्या माणसांचे डोळे आणि कान तिथे पोचत नव्हते. हे एकट्या बाबांचं झालं असंही नाही. त्या दहा-पंधरा वर्षांत पनवेल-पेण-खालापूर पट्ट्यात डिझेलच्या किती गाड्यांच्या चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील, मोजदाद नाही. बॅटरी दिसते, ती उचलून बदलता येते, म्हणून दोष तिच्यावर येतो. किंवा ड्रायव्हरवर.

पुढच्या गाड्यांत रोगाची ठिकाणं बदलली. १९९४ ला टाटा सुमो आली, १९९८ च्या शेवटी इंडिका. आमच्या गावात भाड्याला दोन्ही आल्या. यांच्या आल्टरनेटरच्या पाठीवर ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप बसवलेला, आणि त्या पंपाला इंजिनाचं ऑइल. सील गेलं की ऑइल आल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बन चिकट होतात, चार्जिंग कधी होतं, कधी नाही. लाल दिवा पेटला आणि त्याच वेळी ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, तर आधी पट्टा बघायचा, तो तुटलेला असतो. तापमानाचा काटाही चढायला लागतो. अशा वेळी बॅटरीचा विचार नंतर, गाडी आधी कडेला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर महिनाभर वायरमन लोकांना जेवायला वेळ नव्हता. चिखल शिरलेले आल्टरनेटर रांगेने उन्हात वाळत घातलेले मी पाहिलेत, बोंबलांसारखे.

आता मी स्वतः एक जुनी डिझेल गाडी बाळगून आहे, आणि मीटर माझ्याही खणात आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन सुरू, दिवे पेटवलेले, तर साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरीचं पाणी उकळून जाणार. आल्टरनेटरवर चौदा आणि बॅटरीवर तेरा दिसले तर मधली वायर किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी सडलेली. आपल्या खाऱ्या हवेत ती पट्टी नेहमी बघावी. चावी फिरवल्यावर लाल दिवा पेटलाच नाही तर खूश होऊ नये. दिव्याचा बल्ब गेला असेल, आणि पुष्कळ आल्टरनेटर जागे व्हायला त्या बल्बमधून येणाऱ्या विजेचीच वाट बघत असतात. हे सगळं दहा मिनिटांत होतं. तरी मी आधी तळवा ठेवून बघतो.

बाबांनी चाचाला पैसे दिले, जुनी डायोड प्लेट मागून घेतली आणि रुमालात बांधली. घरी आलेच नाहीत. गाडी थेट आत्याच्या गावाला. मीही सोबत होतो. दादूस नुकताच ड्युटीवरून आलेला, ओसरीवर बसून पायांना तेल लावत होता. बाबांनी रुमाल सोडून प्लेट त्याच्यापुढे खाटेवर ठेवली.

दादूसने ती उचलली, उलटीसुलटी केली. "यातला कंचा?"

"ह्यो," बाबांनी बोट ठेवलं.

मग दोघं अर्धा तास डायोडवर बोलत बसले. वीज कुठून शिरते, दिव्याकडे कशी जाते, चाचाने बल्ब कसा लावला. त्या रात्रीचं, टेपचं, अंगणाचं कोणी काही काढलं नाही. आत्या दारात उभी राहून ऐकत होती. मग आत जाऊन तिने चहा टाकला. निघताना बाबांनी गाडीची चावी पुढे केली. दादूस म्हणाला, "आता नको मामा, कंपनीची ड्युटी हाय. सुट्टीचे दिवशी येन."

पुढच्या गौरीला आत्या आली. गाडी आम्ही नंतर भंगारात दिली. ती प्लेट मात्र दादूसच्या घरी आहे अजून, टीव्हीखालच्या खणात, विजेच्या बिलांवर वजन म्हणून ठेवलेली.